मोहाच्या दिवसांतला पाहुणा

त्या वर्षांत आमच्या भागात कुणी कुणावर विश्वास ठेवत नव्हतं. बियाण्याची पिशवी घेतली की लोक दुकानातच तिची शिवण तपासायचे. फवारणीचं औषध घरी आणलं की आधी झाकण उघडून वास घ्यायचे, खरं आहे की पाणी घातलंय म्हणून. कापसाची गाडी बाजारात लागली की काट्यावरच्या माणसाच्या हातावरून नजर हलवायचे नाहीत. त्यात बाहेरची माणसं. दर आठ दिवसांनी कुठली तरी जीप यायची, दोघं-तिघं उतरायचे, कुणाच्या तरी ओसरीवर बसून प्रश्न विचारायचे, लिहून घ्यायचे, फोटो काढायचे. पुढं त्या कागदांचं काय झालं ते कधीच कळायचं नाही. म्हणून लोकांनी पाणी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारायला सुरुवात केली होती, "कोनाचा मानूस हायेस?"

अशा दिवसांत, होळी आठवड्यावर आली असेल, माझ्या नवऱ्याचा यवतमाळचा शाळासोबती आमच्याकडे मारेगावला राहायला आला.

नवरा वणीकडच्या कोळसा खाणीत नोकरीला होता, रोज एसटीनं जायचा-यायचा. मी मारेगावपासून काही कोसांवरच्या कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, प्राथमिक शिक्षिका होते. फाट्यापर्यंत बस आणि पुढं पाऊण तास पायी. आमचं घर दोन खोल्यांचं. त्यातली बाहेरची खोली या पाहुण्याला दिली.

तो आला तोच एक काळी चौकोनी पेटी घेऊन. तिला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या गळ्यातल्या दोऱ्यात. चहा घेताना नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "हा बिअर बनवतो. मोठ्या कारखान्यात होता. सोडून दिलं सगळं."

"काहून सोडलं?" मी विचारलं.

"तिथं बारा महिने एकच चव असते, वहिनी," तो म्हणाला. "उन्हाळ्यात तीच, थंडीत तीच. मी परदेशात काही गावं पाहिली. तिथं त्या त्या मोसमाची बिअर वेगळी. जे पिकतं, जे फुलतं, त्याची बनवतात, आणि ती तयार झाली की सगळं गाव एका झाडाखाली जमून चाखतं. आपल्याकडे मोह आहे, ज्वारी आहे. आपल्याकडे का नको?"

मला ते एखाद्या माणसानं पाठ करून आल्यासारखं वाटलं. माझे वडील कचेरीत कारकून होते. सही करण्याआधी कागद उजेडात धरून बघायची त्यांची सवय होती आणि ती माझ्यात उतरली आहे. चांगली पगाराची नोकरी सोडून कुणी मोहाच्या फुलांसाठी आमच्या उन्हात येत नसतं, एवढं मला कळत होतं. पण नवऱ्याचा मित्र. "बरं," म्हटलं.

त्याला पोडावर जायचं होतं. मोह कसा वेचतात, कसा भिजवतात, हे सगळं त्याला मुळापासून बघायचं होतं. नवरा मला म्हणाला, "तू ने त्याले. तुले ओळखतात तिथं."

मी नेलं. सकाळची शाळा होती. मोह गळायला नुकती सुरुवात झालेली, झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली, आणि बाया टोपल्या घेऊन वाकून फुलं वेचत होत्या. त्या दिवसांत शाळेत निम्मी पोरं नसायचीच, सगळी झाडाखाली. पोडाचा नाईक, म्हणजे त्यांचा प्रमुख, चावडीजवळ बसला होता. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. त्यानं पाहुण्याला वरून खाली पाहिलं आणि मला विचारलं, "म्याडम, हा कोनाचा मानूस हाये?"

"आमचा पाहुणा आहे."

"तुमचा तं हाये. पन कोनाचा हाये?"

पाहुणा पुढं होऊन बोलायला लागला. बिअर, मोसम, चव. नाईक ऐकून घेत होता, पण त्याचे डोळे त्या काळ्या पेटीवर होते. शेवटी तो एवढंच म्हणाला, "बुडीले विचारा. ते तिचं काम हाये."

बुडी म्हणजे पोडावरची सगळ्यात जाणती बाई. नवरा कधीचाच गेलेला, एक मुलगी लग्न होऊन दूर दिलेली. मी तिला माय म्हणायचे. दर वर्षी मोहाची दारू काढायचा मान तिचा होता. देवाला आधी, मग लग्नकार्याला, मग माणसांना. दुसऱ्या कुणी काढली तर देव घेत नाही, असं पोडावर मानत. शाळा सुटली की कित्येकदा मी तिच्याकडे बसायचे. ती मला भाजलेला मोह तिळाबरोबर कुटून द्यायची. दारू मात्र तिनं मला कधी दिली नाही आणि मी कधी मागितली नाही.

पाहुण्यानं तिच्यापुढं पेटी उघडली. आत काचेच्या नळ्या, उष्णता मोजायची काच, एक वही आणि छोट्या बाटल्या. मायनं एक नळी उचलून उन्हात धरली.

"हे काय करते?"

"गोडी मोजते. पाण्यात सोडली की जितकी वर तरंगेल तितकी गोडी जास्त. आंबत गेलं की खाली जाते."

"मी कान लावून आयकतो," माय म्हणाली. "माठ बोलते. बोलनं बंद झालं की झालं."

तो हसला, पण वहीत लिहून घेतलं. मी ते लिहिणं बघत होते. एवढं काय लिहायचं? घरं किती, माठ किती, कोण काढतं, कधी काढतं. पोडावरच्या बायाही बघत होत्या.

त्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली. मायनं आदल्या साली राखून ठेवलेली पहिल्या धारेची थोडी दारू पळसाच्या पानाच्या द्रोणात त्याला दिली. त्यानं नाकाशी धरली, तोंडात घेतली, गालांत फिरवली आणि मागं वळून थुंकून टाकली.

देवाची वस्तू, मायनं हातानं दिलेली, आणि हा थुंकला.

"चव घ्यायची आमची रीत आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "कारखान्यात अशीच घेतो. छान आहे, फार छान."

मायनं रिकामा द्रोण त्याच्या हातातून काढून घेतला. परत येताना फाट्यावर मी त्याला विचारलं, "भाऊजी, तुम्ही पीत नाही का?"

"पितो की," तो म्हणाला आणि बस येते का ते बघायला रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून माझ्या मनात ते घुसलं. बिअर बनवणारा माणूस पीत नाही. त्यानंतर तो आमच्याकडे महिनाभर राहिला आणि मी रोज त्याच्यावर नजर ठेवून होते. तो सकाळी स्टँडवरच्या फोनच्या बूथमध्ये जायचा, काचेचं दार लावून घ्यायचा आणि पाठ फिरवून बोलायचा. घरी पेटी उघडली तर आधी माझ्याकडं बघायचा. फोटो काढायचा ते माठांचे, भट्टीच्या जागेचे, पोडाकडं येणाऱ्या वाटेचे. माणसांचा एकही नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "हा फोटोत माणसं का घेत नाही?"

"माणसं काढली असती तं तू म्हटलं असतं, माणसं काहून काढते," नवरा म्हणाला. "तू कायले त्याच्या मागं लागून राह्यली? माह्या वर्गातला आहे तो."

"वर्गात असताना तो काय करायचा?"

"गणितं सोडवायचा," नवरा म्हणाला आणि पेपर डोळ्यांसमोर धरला.

पोडावर तर रोज नवी बातमी. कुणी म्हणे, हा बियाणं कंपनीचा आहे, मोहाची झाडं तोडून नवीन काही लावणार. कुणी म्हणे पेपरवाला. एक बाई मला शाळेच्या दारात हळूच म्हणाली, "म्याडम, जंगलखात्याचा तं नाई ना?" मी नाही म्हटलं, पण माझंच मन नाही म्हणत नव्हतं. आणि मीच त्याला आणलेला. उद्या काही झालं तर बोट माझ्याकडं येणार होतं.

एकटी माय त्याच्याशी जुळत गेली. कसं ते मला अजून नीट कळत नाही. तो रोज यायचा, बसायचा, भट्टीच्या माठांची तोंडं लिंपायला तिच्याबरोबर माती कालवायचा. त्यानं पोत्यावर ज्वारी भिजवून मोड आणले, वाळवले, जाडसर कुटून घेतले. मग ते पाण्यात घालून चुलीवर ठेवलं. पाणी किती गरम हवं यावर दोघांचं वाजलं. तो काच बुडवून बघत होता. मायनं बोट घातलं, चटकन काढलं आणि म्हणाली, "ओढ लाकूड. आता बस." त्यानं काच पाहिली आणि लाकूड ओढलं. गाळून, उकळून, निवल्यावर त्या रसात त्यानं वाळलेला मोह टाकला. दुसऱ्याच दिवशी माठाच्या तोंडावर फेस आला. ऊन फार म्हणून मायनं माठ ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरायला लावले. चौथ्या दिवशी नळी म्हणत होती झालं, आणि मायचा कान म्हणत होता नाही. तो थांबला. पाचव्या दिवशी चाखून म्हणाला, "तुमचंच खरं." आणि पुन्हा थुंकला. पण आता माय त्याच्या थुंकण्याला हसली.

ते हसू पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, म्हातारीला यानं गुंडाळलं.

मग त्यानं जाहीर केलं की पाडव्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी पोडावर मोहाखाली चाखायचा कार्यक्रम करायचा. नागपूरहून त्याचे चार मित्र येणार. तीन माठ ठेवायचे. एक नुसत्या ज्वारीचा, एक ज्वारी आणि मोहाचा, आणि शेजारी मायची नेहमीची दारू. आधी देवाला, मग सगळ्यांनी थोडी थोडी. नाईकानं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बुडी म्हनते तं होऊ द्या. पन म्याडम, तुमी जिम्मा घेता?"

मी मान हलवली. त्या मानेचं ओझं मला झोपेत जाणवायचं.

पाडव्याला आम्ही वणीला मामांकडे जेवायला गेलो. माझा मामेभाऊ दारूच्या केसेस बघणाऱ्या खात्यात नुकताच लागलेला होता. जेवणं झाली, नवरा आणि मामा आतल्या खोलीत आडवे झाले. मी आणि भाऊ ओसरीवर सुपारी कातरत होतो. माझ्या मनात इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर आलं.

"काय रे, तुमच्या खात्याची माणसं साध्या कपड्यात फिरतात का?"

"फिरतात की. काहून?"

"म्हणजे एखादा पाहुणा म्हणून कुणाच्या घरी राहील, दारू कशी काढतात ते शिकायला आलो म्हणेल, असं?"

तो कातरता कातरता थांबला. "कोन आहे असा?"

मी सांगितलं. पाहुणा कसा दिसतो, त्याची पेटी, त्याची वही, थुंकणं. त्याचं नाव सांगितलं. भावानं विचार केला आणि म्हणाला, "नाही ताई, आमचा नाही हा. असा कोनी नाही."

मला इतकं हलकं वाटलं. चला, निदान तो नव्हे.

"पन पोड कोनतं?" भावानं विचारलं.

मी सांगितलं. आणि त्या भरात रविवारचंही सांगितलं. कसे नागपूरचे लोक येणार, तीन माठ ठेवणार, मोहाखाली बसणार. हसत हसत सांगितलं. तोही हसला.

तो रविवार उजाडला तो स्वच्छ आणि तापलेला. दहाच्या सुमाराला मी आणि नवरा पोडावर पोहोचलो. झाडाखाली शेणानं सारवलं होतं. नागपूरचे चौघं गाडीतून आले, टोप्या घातलेले, जरा बुजलेले. मायनं नवं लुगडं नेसलं होतं. तिनं आधी द्रोणभर देवाला टाकली, मग जमिनीवर चार थेंब, आणि तोंडातल्या तोंडात त्यांच्या भाषेत बराच वेळ काही म्हणाली. मग पाहुण्यानं पहिला माठ उघडला.

मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा घोटभर घेतली. ज्वारी-मोहाची. आंबूस, थोडी कडसर, आणि मागून मोहाचा तो जड गोड वास, जो सकाळी झाडाखालून जाताना येतो. नाईकानं घेतली. तो बराच वेळ जीभ टाळूला लावून बसला आणि म्हणाला, "भाकरीसारखी लागते." सगळे हसले. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाहिलं आणि पाहून मला वाटलं, हाही नाटकाचा भाग असेल का? एवढी मी तेव्हा आंधळी झाले होते.

अर्धा-पाऊण तास छान गेला. बाया आपसांत बोलायला लागल्या होत्या, कुणी ढोलकं आणायला गेलं होतं. तेवढ्यात वाटेवर धूळ दिसली. जीप आली, तिच्यामागं दुसरी.

खात्याची माणसं उतरली. साहेब होता तो ओरडला नाही की काही नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "दारू कोणाची?"

माय उठली, लुगडं सारखं केलं आणि म्हणाली, "माही हाये."

पाहुणा धावत पुढं झाला. त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि साहेबाला बाजूला, जीपच्या पलीकडं नेलं. दोघं बराच वेळ बोलत होते. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. दिसत एवढंच होतं की पाहुणा कागद दाखवतोय, साहेब मान हलवतोय. मग साहेब परत आला. त्याच्या माणसांनी माठ फोडले. ओल्या वाळूत पुरलेलेसुद्धा शोधून काढले. ते पुरलेले आहेत हे त्यांना कसं कळलं, असा विचार माझ्या मनात आला आणि त्याच क्षणी मी पाहुण्याकडे पाहिलं. नाईकानंही त्याच्याकडेच पाहिलं. वास्तविक वाळूतून माठांची तोंडं वर दिसत होती, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात यायचं?

मायला जीपमध्ये बसवलं. पाहुण्याला कुणी हात लावला नाही. तो मित्रांच्या गाडीत बसला आणि गाडी जीपच्या मागोमाग निघून गेली. पोडानं ते पाहिलं. नाईक माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी तुमाले इचारलं होतं, म्याडम. कोनाचा मानूस हाये."

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत पाहुणा भाड्याच्या जीपनं मायला घेऊन परत आला. मी शाळेत होते. पोडाच्या तोंडाशीच नाईकानं जीप अडवली. मायला उतरवून घेतलं आणि त्याला म्हणाला, "इथून पुढं नाई." तो काही सांगायला बघत होता. माय नाईकाला त्यांच्या भाषेत काही बोलत होती, हात हलवून, चिडून. नाईकानं तिच्याकडं पाहिलंही नाही. लोकांनी तिला घरात नेलं. जीप वळली. मी शाळेच्या खिडकीशी उभी होते आणि मी बाहेर गेले नाही.

त्या संध्याकाळी घरी तो पेटी भरत होता. मी चहा ठेवला. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "वहिनी, सगळे म्हणतात ते म्हणू देत. तुम्हाला तरी वाटत नाही ना, मी कळवलं म्हणून?"

मी कपबशा उचलत होते. मी त्या विसळायला घेतल्या. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

नवऱ्यानं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं की पाहुण्याला दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली होती, फार वाईट. डॉक्टरनं एक थेंब पोटात जाऊ द्यायचा नाही असं बजावलेलं. "बिअर बनवणाराच पीत नाही म्हटलं तं कोन त्याची बिअर घेईल? म्हणून लपवत होता. मले शपथ घातलती. आणि तो कागद म्हणजे परवान्याचा अर्ज होता. तो अर्ज दाखवून तो त्याईले हात जोडून राह्यलता, का बुडीले सोडा, मले न्या."

"मग यांना कळवलं कुणी?" मी विचारलं. मी खरंच विचारलं. मला तेव्हा माहीत नव्हतं.

महिन्याभरानं मामांकडे साखरपुडा होता. मामेभावाचाच. माणसांची गर्दी, पंगती. मी वाढत होते तेव्हा भाऊ माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, तुझं काम झालं बरं का. तुझं नाव कुठंच येऊ दिलं नाही मी."

"कसलं काम?"

"ते पोडावरचं. तू शाळेतली बाई, सरळ तक्रार करता येत नाही, म्हणून आडून सांगितलंस. लगेच कळलं मला. साहेबांनी शाबासकी दिली."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचा अभिमान होता. बहिणीचं काम केल्याचा. माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. पुढचं पान कुणाचं होतं, मी वाढलं की नाही, काही आठवत नाही. मी मागच्या अंगणात जाऊन नळ सोडला आणि हात धूत राहिले.

भावाला मी काही बोलले नाही. काय बोलणार? त्यानं त्याच्या नोकरीचं काम केलं होतं. विचारलं मी होतं, नाव मी सांगितलं होतं, वार मी सांगितला होता. एका माणसावर संशय घेऊन मी खात्री करायला गेले होते आणि त्या खात्रीपायीच मायला जीपमध्ये बसावं लागलं होतं.

उन्हाळ्याची सुट्टी लागलेली होती. जवळजवळ तीन आठवडे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. कधी वाटायचं, आता झालं ते झालं, पाहुणा गेला, माय सुटली. कधी वाटायचं, भाऊ बोलता बोलता कुणाजवळ बोलला तर? मी नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघायचे, याला कळलं का? शेजारीण हसली तरी वाटायचं, हिला कळलं. दुसऱ्यावर नजर ठेवायची सवय होती, ती उलटून माझ्यावरच बसली.

शेवटी एका सकाळी पहिल्या बसनं गेले. मोह संपला होता. माय अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसली होती, टोपल्यांसाठी. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. पाडवा, ओसरी, सुपारी, भाऊ, सगळं. ती कामट्या सोलत राहिली. सुरी थांबली नाही. मी संपवलं तेव्हा तिनं विचारलं,

"त्या मानसाले सांगतलं का?"

"नाही."

"कायले नाई?"

मी पायाशी पडलेल्या कामट्या गोळा करायला लागले.

"मले तं एक रात नेलं अन् आनलं," माय म्हणाली. "तो बाहीर ओट्यावर बसून होता. रातभर. पानी आनून देलं मले. मी इथं येऊन सांगतलं, हा तसा नाई, तं कोनी आयकलं नाई. म्हनले, बुडीवर जादू केली त्यानं. त्याले सगळ्याइनं चोर ठरवलं. तू माह्याजवळ कायले रडतं? त्याले सांग. अन् नाईकाले सांग."

"माय, मला तू माफ..."

"आधी नाईकाले सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. चावडीवर, चार-पाच लोक बसलेले असताना. नाईकानं ऐकून घेतलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. मला वाटत होतं की ते मला निघून जायला सांगतील, माझी बदली मागतील. नाईक फक्त म्हणाला, "पोरं शिकवा, म्याडम. बाकी आमचं आमी पाहू."

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पोरं आली. पण पुढच्या चैत्रात मी झाडाखालून जाताना बाया बोलायच्या थांबायच्या. मायच्या अंगणाला नवं कूड घातलं होतं, उंच, आतलं काही दिसू नये असं. ती भेटली की बोलायची, माझ्या घरचं विचारायची, पण आत ये म्हणाली नाही. पोडावर मी आणखी तीन वर्षं काढली. मग नेरकडं बदली झाली.

पाहुण्याला मी त्या उन्हाळ्यातच फोन केला होता, स्टँडवरच्या त्याच बूथवरून. त्यानं सगळं ऐकलं. मी म्हटलं, "भाऊजी, ऐकताय ना?" तो म्हणाला, "ऐकतोय." मग विचारलं, "त्या बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत." त्यानं फोन ठेवला. मोहाची बिअर त्यानं पुन्हा केली नाही. पुण्याकडं कुठंतरी सरबतांच्या कारखान्यात लागला, असं कानावर आलं.

आणि नवऱ्याला मी नाईकाला सांगितलं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो जेवत होता. त्यानं जेवण पुरं केलं, ताट धुतलं आणि बाहेर जाऊन बसला. भांडला नाही. आम्ही आजही एका घरात नीट राहतो, लेकरांची लग्नं केली, आजारपणं काढली. त्याचा तो मित्र अजून त्याच्याशी बोलतो, हे मला ठाऊक आहे. सकाळी फोन आला की नवरा उठून गच्चीवर जातो. एकदा मी विचारलं, "भाऊजी कुठं असतात आता? कसे आहेत?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी जसं त्या पेटीकडं बघायचे, तसं.

"काहून?" तो म्हणाला. "तुले कायले पाहिजे?"